चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला : घरी प्रिंटर घ्यावा का?

मे-जून महिना आला की आपल्या वस्तीतल्या घराघरांतून एक प्लास्टिकची फाईल कपाटावरून खाली येते. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्ड, मुलांच्या गुणपत्रिका. दोन पिढ्यांचे कष्ट त्या एका फाईलमध्ये असतात असे म्हटले तरी चालेल. मग आई किंवा बाप ती फाईल छातीशी धरून नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर रांगेत उभा राहतो. अर्जाची प्रिंट, भरलेल्या फीच्या पावतीची प्रिंट, प्रवेशाच्या प्रत्येक फेरीला नवी प्रिंट. आमच्या नाक्यावर काळ्या प्रिंटला पानामागे पाच रुपये पडतात, रंगीत असेल तर दहा-पंधरा. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनात तेव्हा एक विचार हमखास येतो : तीन-साडेतीन हजारांत प्रिंटर मिळतो म्हणतात, एकदाचा घेऊनच टाकू.

हा विचार २०२२ च्या जूनमध्ये माझ्याही घरात आला आणि आम्ही साडेतीन हजारांना एक इंकजेट प्रिंटर घेऊन टाकला. छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स अशी तिन्ही कामे करणारा. मी कॉमर्सचा पदवीधर, दिवसभर कचेरीत आकडेमोड करणारा माणूस. पण हिशेब घेण्याआधी केला नाही, घेतल्यावर केला. वाचकांनी उलट करावे एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

पहिले दोन महिने आनंदात गेले. मुलीचे प्रोजेक्ट छापले, विहारातल्या वर्षावासाच्या कार्यक्रमाची पत्रिका छापली, शेजारपाजारचेही येऊ लागले. "दादा, एवढं एक पान काढून द्या ना" म्हटल्यावर नाही म्हणवत नाही. मग काळी शाई संपली. दुकानात गेलो तर काळे कार्ट्रिज साडेआठशे आणि रंगीत साडेअकराशे. दोन्ही मिळून दोन हजार झाले. ज्या यंत्राला साडेतीन हजार मोजले त्याचे एकदाचे जेवण दोन हजारांचे! आई म्हणाली, "चार आण्याची कोंबडी अन्‌ बारा आण्याचा मसाला." संपूर्ण लेखाचे सार तिने एका ओळीत सांगून टाकले, तरी हिशेब पाहू.

स्वस्त इंकजेटचा धंदा असाच बेतलेला असतो. यंत्र अगदी थोड्या नफ्यावर, कधी त्याहीपेक्षा खाली विकायचे आणि पैसा शाईतून वर्षानुवर्षे वसूल करायचा. त्यात काही कंपन्या खोक्यातून जे पहिले कार्ट्रिज देतात त्यात बाजारातल्या कार्ट्रिजपेक्षा शाई कमी भरलेली असते. म्हणून पहिली शाई लवकर संपली तर यंत्र बिघडले असे समजू नये, आणि पहिली शाई किती पुरली यावरून पुढचा अंदाजही बांधू नये.

माझ्या काळ्या कार्ट्रिजच्या वेष्टनावर १८० पाने लिहिलेली होती. साडेआठशेला १८० ने भागले तर पानामागे ४ रुपये ७२ पैसे येतात. कागदाची ५०० पानांची रिम मला ३०० रुपयांना पडली, म्हणजे कागदाचे ६० पैसे. बेरीज ५ रुपये ३२ पैसे. दुकानदार पाच रुपयांत देतो, कागद त्याचा, वीज त्याची आणि यंत्र बिघडले तर डोकेदुखीही त्याचीच.

पण ही १८० पाने तरी कुठे मिळतात? वेष्टनावरचा आकडा खोटा नसतो. रंगीत इंकजेटसाठी आयएसओ २४७११ नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्यात नमुन्याची ठरावीक पाने शाई संपेपर्यंत सलग छापून मोजणी करतात. आपण मात्र आज एक पान छापतो आणि पुढचे दोन आठवड्यांनी. दरम्यान शाई तोंडाशी सुकते, यंत्र चालू केल्याबरोबर ते स्वतःची साफसफाई करते आणि त्या साफसफाईला शाईच लागते. म्हणजे आपण भरलेल्या पैशांतली बरीच शाई कागदावर न येता यंत्राच्या पोटात जाते. मी दुसऱ्या कार्ट्रिजला भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघोट्या मारून मोजले. ११२ पाने निघाली. पान साडेसात रुपयांच्या वर गेले, कागद वेगळा.

आमच्या घराची गरज वर्षाला साधारण २४० पानांची. दुकानात त्याचे बाराशे रुपये होतात. घरी कागदासकट दोन हजारांच्या आसपास. यंत्र पाच वर्षे चालेल असे धरून वर्षाचा सातशे रुपये घसारा लावला तर सव्वीसशेच्या वर. रंगीत शाई मी यात धरलेलीच नाही. अर्थात, बचत म्हणून आणलेल्या वस्तूवर आम्ही दुपटीपेक्षा जास्त खर्च करीत होतो.

रंगीत कार्ट्रिजची तऱ्हा आणखी निराळी. एकाच डबीत निळी, गुलाबी आणि पिवळी अशा तीन शाया असतात. बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या चित्रांनी निळा आणि पिवळा लवकर संपतो. एक रंग संपला की बाकीचे दोन शिल्लक असूनही डबी टाकून द्यावी लागते. काही यंत्रे काळे पान छापतानाही थोडा रंग वापरतात. म्हणून छापण्याआधी सेटिंगमध्ये फक्त काळ्या शाईचा पर्याय निवडावा. घरात मुलांना ते एकदा दाखवून ठेवावे, कारण पैसे कुठे जातात हे त्यांना स्क्रीनवर दिसत नाही.

इथवरचे नुकसान पैशाचे होते, ते भरून निघाले असते. पण त्या यंत्राने एका रात्री दुसरेच नुकसान केले आणि ते माझ्या मनातून अजून जात नाही. शेजारच्या मावशी घरकाम करतात. त्यांचा मुलगा वसतिगृहात राहून शिकत होता. शिष्यवृत्तीच्या ऑनलाईन अर्जाची शेवटची तारीख होती. उत्पन्नाचा नवा दाखला त्याच दिवशी संध्याकाळी हातात आला. रात्री दहा वाजता मायलेक आमच्याकडे आले. दुकान बंद, पण दादांच्या घरी मशीन आहे हा भरवसा. काम छपाईचे नव्हतेच, दाखला फक्त स्कॅन करायचा होता. स्कॅनला शाईचा थेंबही लागत नाही. तरीही यंत्राने रंगीत शाई संपल्याचे कारण दाखवून स्कॅन करण्यास नकार दिला. दिवा लुकलुकत राहिला. मी बंद केले, चालू केले, वायर काढून लावली, काही उपयोग नाही. शेवटी साडेअकरा वाजता पिवळ्या बल्बखाली मोबाईलवर फोटो काढला आणि घाईघाईने अर्जाला जोडला. फोटो धूसर होता, शिक्का वाचता येत नव्हता. अर्ज दुरुस्तीसाठी परत आला आणि त्यात महिने गेले. मावशींनी मेसचे पैसे व्याजाने काढून भरले. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि त्याचेच जास्त वाईट वाटते.

नंतर कळले की शाईअभावी स्कॅन अडवणारी यंत्रे काही आमच्याच नशिबी आलेली नाहीत. २०२१ साली अमेरिकेत याच तक्रारीवरून एका ग्राहकाने कंपनीवर दावा लावला होता. म्हणून विकत घेताना दुकानदाराला सरळ विचारावे : एक कार्ट्रिज संपले असताना हे यंत्र स्कॅन करते का? काळी शिल्लक असताना रंगीतशिवाय छापते का? उत्तर तोंडी घेऊ नये, माहितीपुस्तिकेत दाखवायला सांगावे.

आता यंत्र चालते कसे हे थोडे समजून घेऊ, कारण निम्म्या तक्रारी न समजण्यातून येतात. इंकजेटच्या हेडला केसाहून बारीक शेकडो छिद्रे असतात. एचपी आणि कॅननच्या घरगुती यंत्रांत छिद्रामागे एक सूक्ष्म तापक असतो; तो क्षणात शाई उकळवतो, बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. एप्सनमध्ये तापवण्याऐवजी एक स्फटिक विजेने वाकतो आणि शाई ढकलतो. पद्धत कोणतीही असो, छिद्र उघडे राहिले की शाई सुकते आणि हेड चोक होते. मग छापलेल्या पानावर पांढऱ्या रेघा येतात. यंत्र त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केले तर हेड एका झाकणाखाली जाऊन बसते. आपण मात्र वीज वाचवायची म्हणून भिंतीवरचा स्विच मधेच बंद करतो. ती सवय टीव्हीला चालते, प्रिंटरला चालत नाही. आठवड्यातून एकदा, काम नसले तरी, चारही रंगांचे एक छोटे पान छापावे. पावसाळ्यात कागद ओल धरतो, वाकतो आणि अडकतो. उघडी रिम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी. यंत्रावर जुनी ओढणी टाकावी. आमच्या यंत्रातून झुरळाचे पिल्लू निघाले होते हे लिहायला लाज वाटते, पण चाळीत राहणाऱ्याला त्यात नवल नाही.

स्वस्त कार्ट्रिजवाल्या यंत्राच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. बऱ्याच अशा यंत्रांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते. चोक झाले तर नवे कार्ट्रिज घातले की हेडही नवे. ज्या यंत्रांत हेड आतच पक्के बसवलेले असते तिथे ते खराब झाले तर दुरुस्तीचा आकडा ऐकून घाम फुटतो. गल्लीतले दुकानदार सुईने शाई भरूनही देतात. मी एकदा भरून घेतली, महिनाभर चालली, दुसऱ्यांदा सगळा कागद काळा करून ठेवला. ज्याला हात काळे करण्याची हौस आहे आणि वॉरंटी संपलेली आहे त्याने जरूर करावे.

दुसरा मार्ग टाकीवाल्या प्रिंटरचा. या यंत्राची जन्मकथा मला फार आवडते. इंडोनेशियासारख्या देशांत लोकांनी महागड्या कार्ट्रिजला कंटाळून प्रिंटरच्या बाहेर शाईच्या बाटल्या लावल्या आणि नळीने शाई आत सोडली. तेव्हा एप्सनने २०१० साली इंडोनेशियातच स्वतःचा टाकीवाला प्रिंटर बाजारात आणला. पुढे इतर कंपन्याही त्याच वाटेने आल्या. म्हणजे गरीब ग्राहकाने केलेला जुगाड कंपनीला शिकावा लागला! या यंत्रात बाटलीतून शाई ओतायची. एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या काळ्या बाटलीत ६५ मिलीलिटर शाई असते आणि कंपनीचा दावा ४,५०० पानांचा आहे. आम्हाला बाटली ४०० रुपयांना पडली. दाव्याच्या निम्मीच पाने निघाली असे धरले तरी शाईचा खर्च पानाला १८ पैसे. कागद धरून ८० पैशांच्या आत.

मग प्रत्येक घराने टाकीवाला घ्यावा का? इथेच घाई नको. यंत्राची किंमत बारा हजारांच्या घरात. दुकानाच्या तुलनेत पानामागे ४ रुपये २० पैसे वाचतात, म्हणजे बारा हजार वसूल व्हायला जवळजवळ २,८६० पाने छापली पाहिजेत. वर्षाला २४० पाने छापणाऱ्या आमच्या घराला त्यासाठी बारा वर्षे लागतील. तोवर मुलगी नोकरीला लागून तिचेही लग्न झालेले असेल, आणि यंत्र बारा वर्षे टिकेल याची हमी कोण देतो? घरात शिकवणीवर्ग चालत असेल, कोणी अर्ज भरून देण्याचे काम करीत असेल तर गोष्ट वेगळी. रंगाची गरज नसलेल्याने लेझर प्रिंटरचाही विचार करावा. त्यात शाई नसून टोनरची कोरडी पूड असते, ती महिनोन्‌महिने पडून राहिली तरी सुकत नाही. कोर्टाबाहेर आणि तहसीलबाहेर एचपीचा १०२० हा जुना लेझर अजून दिसतो तो उगाच नाही; त्याचा १२ए टोनर दोन हजार पानांचा.

तर मग साध्या कुटुंबाने दुकानातच जावे, असे निव्वळ हिशेबाची वही म्हणते. पण वहीत न येणारा खर्च असतो. रोजंदारीवरचा माणूस दुकानाच्या रांगेत अर्धा दिवस घालवतो तेव्हा त्याची मजुरी बुडते. रात्री नऊला मुलीला नाक्यावर पाठवायला आई घाबरते. आणि दुकानदाराच्या मोबाईलवर पाठवलेले आधारकार्ड, बँकेचे पासबुक तिथेच पडून राहते. ते कोण बघते, कुठे जाते, कोणी विचारत नाही. दाखल्यांच्या बाबतीत डिजिलॉकरची सोय २०१५ पासून आहे. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रतही काढता येते. पण हे माहीत असलेली घरे थोडी.

आमच्या विहाराच्या बैठकीत मी हा सगळा जमाखर्च मांडला. प्रत्येक घराने साडेतीन-साडेतीन हजारांची कोंबडी घेण्यापेक्षा चाळीस घरांनी तीनशे-तीनशे काढावेत आणि विहाराच्या अभ्यासिकेत एक टाकीवाला प्रिंटर ठेवावा, असे सुचवले. एक तरुण म्हणाला, "विहार म्हणजे काय झेरॉक्सचे दुकान आहे?" त्यावर एक वयोवृद्ध उपासक बोलले, "बाबासाहेबांनी १९२० ला मूकनायक काढला, पुढे भारतभूषण छापखाना उभा केला, तो काय दुकान म्हणून?" २०१६ च्या जूनमध्ये दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले तेव्हा त्यातला छापखानाही गेला, हेही त्यांनी सांगितले. तरुण गप्प बसला. पैसे मात्र चार महिन्यांनी जमले. त्यातही महिला मंडळाच्या भिशीने हजार रुपये उसने दिले म्हणून.

घेताना आम्ही दुकानात अर्धा तास घालवला. आधी शाईची बाटली मागून घेतली, तिची किंमत विचारली, मगच यंत्राची. छापलेल्या पानावर ओले बोट फिरवून पाहिले. काही शाया पाण्याने लगेच पसरतात, काही टिकतात. आमची पसरते, म्हणून महत्त्वाच्या कागदाला प्लास्टिकचे आवरण घालावे असे आम्ही सर्वांना सांगतो. लिगल मापाचा लांब कागद त्यात जातो की नाही ते स्वतः घालून पाहिले, कारण काही प्रतिज्ञापत्रे त्याच मापावर लागतात. मोबाईलवरून छपाई होते का तेही बघितले, कारण आपल्या मुलांकडे मोबाईल आहे, संगणक नाही. सर्व्हिस सेंटर तालुक्याला आहे का ते विचारले. बिल विहाराच्या नावाने घेतले.

अभ्यासिकेतल्या दोन मुली शनिवार-बुधवार संध्याकाळी यंत्र सांभाळतात. एक वही आहे : नाव, पाने, काम. प्रवेशाची आणि शिष्यवृत्तीची पाने फुकट, बाकीची दोन रुपये. पान निघाले की फाईल त्याच्यासमोर पुसून टाकायची. पहिल्या वर्षी वहीत ३,१०० पाने भरली; निम्मी फुकट होती, तरी उरलेल्यांतून कागद आणि शाई सुटली. जयंतीच्या वेळी एक वाद झाला. समितीला पाचशे रंगीत पत्रके हवी होती. मुलींनी ठाम नकार दिला. अशा कामाला छापखानाच स्वस्त पडतो आणि पाचशे रंगीत पानांनी टाकी रिकामी होऊन जूनमध्ये मुलांना शाई उरणार नाही, असे त्यांनी वही दाखवून सांगितले. कार्यकर्ते रागावले, दोन दिवस बोलले नाहीत, मग छापखान्यात गेले. भरतीच्या काळात दुपारीही यंत्र उघडावे अशी मागणी आहे, पण मुलींचे कॉलेज असते. दुपारसाठी एखाद्या निवृत्त काकांचा शोध चालू आहे.

मावशींच्या मुलाने यंदाचा अर्ज विहारातच स्कॅन करून भरला, शेवटच्या तारखेच्या नऊ दिवस आधी. आमच्या घरातला जुना प्रिंटर भंगारवाल्याने वजनावरही घ्यायला नको म्हटले. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात तो दिला आणि वायर तेवढी ठेवून घेतली, ती विहारातल्या यंत्राला बसते.

एक खर्च अजून समोर आहे. साफसफाईत वाहून जाणारी शाई यंत्राच्या तळाशी एका स्पंजात साठते. तो स्पंज भरला की यंत्र चालणे बंद करते आणि तो बदलून घ्यावा लागतो. विकताना हे कोणी सांगत नाही. आमच्या समितीने त्यासाठी दर महिन्याला शंभर रुपये वेगळे काढायचे ठरवले आहे. मागच्या दोन महिन्यांचे अजून जमा व्हायचे आहेत.